अपेक्षा न ठेवता नाती निभावता येतात का?

आपण भावकीच्या आणि मित्रांच्या अडीअडचणीला धावून जाता, परंतु आपल्या वेळेला कोणी फिरकत नाही. तेव्हा अपेक्षा ठेवणेच चूक का आणि सगळी नाती अखेर देवाणघेवाणच आहेत का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते देवाणघेवाण सगळ्याच नात्यांत असते आणि तीत कमीपणा काही नाही. बिघडते ते, फेड केव्हा आणि कशी व्हायची याविषयी दोघांची समजूत निराळी असते तेव्हा.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या भातशेतीच्या गावचा. रोप लावणीचे दिवस मोजके असतात, पाऊस उसंत देत नाही आणि एका घरची माणसे पुरत नाहीत, म्हणून पैऱ्याने, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबून, काम चालते; कन्नड शेजारी त्यालाच मुय्यी म्हणतात. तेथे हिशेब उघड असतो, दिवसाला दिवस, आणि कोणी चुकवला तर लोक तोंडावर बोलतात, त्यामुळे मनात अढी फारशी राहत नाही. आहेराचे मात्र वेगळे आहे. वहीत नाव आणि रक्कम लिहिलेली असते, तरी आला तेवढाच आहेर नेमका परत करणे कोत्या मनाचे समजले जाते. तो थोडा वाढवून करायचा असतो. वाढवला की देणे पुन्हा समोरच्याच्या अंगावर जाते, हिशेब कधीच पुरता मिटत नाही, आणि त्या न मिटलेल्या हिशेबावरच पुढच्या पिढीचे जाणेयेणे चालू राहते.

फ्रेंच अभ्यासक मार्सेल मोस यांनी १९२५ साली देणे, स्वीकारणे आणि परत करणे अशी तीन बंधने सांगितली. मला त्यांतले मधले फार महत्त्वाचे वाटते. सतत देणारी पुष्कळ माणसे घ्यायची वेळ आली की ‘कशाला उगीच’ म्हणून मागे सरतात, आणि मग त्यांनाही काही लागते हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. आपल्या बाबतीत असे होत असावे का, याचा जरूर विचार करावा.

मार्गारेट क्लार्क आणि जडसन मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, जेथे जवळीक हवी होती तेथे केलेल्या उपकाराची लगोलग परतफेड करणारी व्यक्ती कमी आवडली, तर निव्वळ व्यवहार होता तेथे तीच परतफेड आवडली. वानवळ्याची वाटी आमच्याकडेही रिकामी पाठवत नाहीत, पण त्याच पावली भरूनही पाठवत नाहीत.

सर्वांत अवघड प्रश्न आजारपणातल्या सेवेचा आहे, कारण तिचा पैरा फिटत नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे वर्षानुवर्षे करणारी सून परतफेड मागत नसते. पुण्याहून किंवा बंगळुरूहून दोन दिवस आलेल्या दिरांनी सूचना देण्याऐवजी एक रात्र तरी उशाशी बसावे, एवढीच तिची अपेक्षा असते. ती अपेक्षा न्याय्य आहे, आणि ती सोडून दे असा उपदेश तिला करणे मला अन्यायाचे वाटते. तिने ती मोकळेपणी बोलून दाखवावी, आणि ऐकणाऱ्याने तिला हिशेबी ठरवू नये.

आपणही भावाला ‘तू कधी येतच नाहीस’ असे म्हणण्यापेक्षा, अमुक दिवशी दवाखान्यात सोबत हवी आहे, असे नेमके सांगून पाहावे. त्यालाही जमले नाही, तर रुसून न बसता दुसऱ्या कोणाला तरी हाक मारावी.