पेंड वाढवली आणि शेडात डोळे झोंबायला लागले

प्रश्न: नमस्कार सर, सासवडजवळ माझ्या बंदिस्त मेंढ्या आहेत. बकरी ईदला नर विकायचेत म्हणून शेंगदाणा पेंड वाढवली, तेव्हापासून सकाळी शेडात शिरलं की डोळ्यात पाणी येतं. एकजण म्हणतो मका भरडा वाढव, मग नायट्रोजन मुतातून न जाता लेंडीतून जाईल, मागच्या आतड्यात काहीतरी आंबतं म्हणे. खरंय का? लेंडीखत मी अंजिराला घालतो.
– एक वाचक, पुणे जिल्हा

उत्तर: दादा, त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, पण भरड्याची घाई करू नका.

वास अमोनियाचा आहे. गरजेपेक्षा जास्त प्रोटीन पोटात गेलं की कोटीपोटातले, म्हणजे चारा आंबवणाऱ्या पहिल्या मोठ्या पोटातले, जंतू त्याचा अमोनिया करतात, तो रक्तातून लिव्हरला जातो, तिथं युरिया होतो आणि बराचसा मुतातून बाहेर पडतो. आता हिशोब बघा, रोजच्या जादा १०० ग्रॅम पेंडीत साधारण ४० ग्रॅम प्रोटीन, त्यात ६ ग्रॅमच्या वर नायट्रोजन, अंगी लागला नाही तर तो जवळपास १४ ग्रॅम युरिया झाला, एका मेंढीचा, एका दिवसाचा! आणि मूत लेंडीत मिसळलं की लेंडीतले जंतू काही तासांतच त्या युरियाचा परत अमोनिया करायला लागतात.

आता मागचं आतडं. वर न पचलेला स्टार्च आणि चोथा आंधळ्या आतड्यात (लहान आणि मोठं आतडं जुळतं तिथली पिशवी) आणि मोठ्या आतड्यात पोचतो, तिथले जंतू तो आंबवतात, त्यातून मेंढीला थोडी एनर्जी मिळते. पण त्या जंतूंना स्वतः वाढायला नायट्रोजन लागतो, तो ते रक्तातून आतड्यात उतरणाऱ्या युरियातून घेतात, म्हणजे मुतात जाणारा नायट्रोजन जंतूंच्या अंगात अडकतो आणि लेंडीतून पडतो. तिथून तो लगेच उडून जात नाही, हळूहळू सुटतो, अंजिराला चांगलंच.

पण मेंढीच्या अंगी मात्र तो लागत नाही. कोटीपोटातल्या जंतूंचं प्रोटीन पुढं लहान आतड्यात पचतं, मागच्या आतड्याच्या पुढं पचवायला जागाच नाही. ससा आपली मऊ लेंडी परत खातो, मेंढी थोडीच खाते! म्हणजे पेंडीचे पैसे गेले ते गेलेच, फक्त वाट बदलली. आणि भरडा एकदम वाढवला तर मागच्या आतड्याच्या आधी कोटीपोटच आंबट होतं, शिवाय आंत्रविषाराने, म्हणजे आतड्यात जंतू माजून त्यांचं विष अंगात भिनल्यानं, धडधाकट नर एका रात्रीत जातो, हे फार वाईट वाटतं बघायला. आंत्रविषाराची लस राहिली असेल तर आधी ती करून घ्या.

म्हणून पेंडच टप्प्याटप्प्यानं कमी करा, कडबा पोटभर ठेवा, आणि भरडा घालायचाच तर दोनेक आठवड्यांत थोडा थोडा वाढवत न्या. खाली बाजरीचं सरमाड जाड अंथरा, ओलं झालं की बदला, ते मूत शोषतं आणि खड्ड्यात लेंडीबरोबर चांगलं कुजतं. वास घ्यायचा तो उभ्यानं नाही, कोकराच्या नाकाच्या उंचीला बसून घ्या, तिथं झोंबत असेल तर आजच शेडची खालची बाजू हवेला मोकळी करा.