'शकलो' म्हणजे दर वेळी 'कुड' नव्हे
इंग्रजीत मोडलनंतर (म्हणजे 'कॅन', 'कुड', 'मस्ट' अशा साहाय्यक क्रियापदानंतर) मुख्य क्रियापदाचं मूळ रूप. 'टू' नाही की 'एस' नाही. 'ही कॅन स्विम'. ('ऑट टू' तेवढा अपवाद.) हे दोन दिवसांत अंगवळणी पडेल. खरी गोची 'शकलो'ची. 'लहानपणी मला पोहता यायचं' इथे 'कुड' चालतं, कारण ती अंगात असलेली क्षमता. पण 'काल शेवटची गाडी पकडू शकलो' ही एकदाच जमलेली गोष्ट. तिथे 'वॉज एबल टू' किंवा 'मॅनेज्ड टू'. 'आय कुड कॅच' म्हटलंत तर ऐकणाऱ्याला 'पकडू शकेन' असंही वाटेल. नकारात मात्र 'कुडंट' दोन्हीकडे बिनधास्त वापरा.

आणि 'मसंट' म्हणजे 'गरज नाही' नव्हे, 'करायचंच नाही'. गरज नसेल तर 'डोन्ट हॅव टू'.

रोज कालच्या दिवसावर पाच वाक्यं लिहा, तीन होकारी, दोन नकारी.