वाचकांचे प्रश्न : कासवांसाठी कोस्टारिकाला जायचंय

प्रश्न : मुलगी २३ वर्षांची, प्राणिशास्त्राची पदवीधर. सहा आठवडे कोस्टारिकात समुद्री कासवांच्या संवर्धनाचं काम करायला जाते म्हणते. मध्यस्थ कंपनी भरपूर आगाऊ रक्कम मागते आहे. राबायचं फुकट, वर पैसेही आपणच भरायचे? शिवाय ‘पर्यटक व्हिसावर चालतं’ असं ते सांगतात. — एक पालक, नौपाडा, ठाणे

उत्तर : पैसे मागितले म्हणून लगेच फसवणूक समजू नका. राहणं, जेवण आणि प्रशिक्षण यांचा खर्च प्रकल्पाला येतोच. मात्र त्यातले किती प्रकल्पाकडे जातात आणि किती मध्यस्थाच्या खिशात, हे लेखी मागा. हिशोब द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच विषय संपवा. अनेक प्रकल्प स्वयंसेवकांना थेट घेतात, त्यांना स्वतः ईमेल करून पाहा.

व्हिसाबद्दल मध्यस्थाचा शब्द धरू नका. दिल्लीतल्या कोस्टारिकाच्या दूतावासाला काम आणि मुक्काम दोन्ही नीट कळवून लेखी उत्तर घ्या. विमानाचं तिकीट त्यानंतर. त्यातही मार्ग बघून काढा. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो, हे बऱ्याच जणांना तिकीट काढल्यावर कळतं. ब्राझील किंवा कोलंबियामार्गे जाणार असाल तर यलो फीवर म्हणजे डासांमुळे होणाऱ्या पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच घ्या. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं, मग आयुष्यभर चालतं. ते नसेल तर परतल्यावर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

आता खरं काम. कॅरिबियन किनाऱ्यावरच्या तोर्तुगेरोला हिरवी कासवं साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये अंडी घालायला येतात. त्याआधी, मार्च ते जूनच्या सुमारास, लेदरबॅक जातीची कासवं. तारखा मुलीच्या सुट्टीवर नाही, कासवांवर ठरवायच्या. रात्री चार-पाच तास अंधारात वाळू तुडवायची, मादी दिसली की दबा धरून बसायचं, मोजमाप घ्यायचं, अंडी मोजायची. पांढरी टॉर्च चालत नाही. त्या उजेडाने मादी अंडी न घालताच परतू शकते, पिल्लं समुद्राऐवजी उजेडाकडे वळतात. म्हणून लाल टॉर्च आणि गडद कपडे. हाताला डासांचं क्रीम लावून अंड्यांना हात लावायचा नाही.

घरटं हलवायचं ठरलं तर अंडी काही तासांतच हलवावी लागतात. नंतर गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो, अंडं उलटंपालटं झालं की तो मरतो. त्यामुळे नवख्याच्या हाती अंडी देणारा प्रकल्प दिसला, तर आधी प्रशिक्षण किती दिवसांचं ते विचारा. पिल्लं हातात घेऊन फोटो काढायचं आमिष दाखवणाऱ्या जागेला सरळ नकार द्या. सिंहाचे छावे कुरवाळायला देणारे ‘संवर्धक’ त्याच माळेचे.

मुलीला झेपतं का, हे आधी घराजवळ पाहता येईल. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडली जातीची कासवं येतात, तिथली घरटी ४५ ते ६० दिवसांत उबतात. खाडीतल्या नोंदींचा सराव हवा असेल तर ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य हाकेच्या अंतरावर आहे. ते २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं. तिथे महिनाभर भरती-ओहोटी बघून पक्षी मोजले, तर अर्जात लिहायला ठोस काहीतरी मिळेल.

विमा घेताना आजारी माणसाला दुसरीकडे हलवण्याचा खर्च आणि स्वयंसेवी काम, दोन्ही पॉलिसीत बसतात का ते वाचा. स्वयंसेवी कामाच्या मुद्द्यावरच दावे अडतात.

प्रश्न : मी निवृत्त परिचारिका, वय ६१. परदेशी जाऊन सेवा करता येईल का? — एक वाचक, वाशी

उत्तर : येईल, पण रुग्णाला हात लावायचा तर त्या देशाची व्यावसायिक नोंदणी लागते, ती महिन्या-दोन महिन्यांसाठी मिळवणं परवडत नाही. स्थानिक आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकवणं तुम्हाला अधिक शोभेल. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात तज्ज्ञ म्हणून २७ वर्षांपुढे अर्ज करता येतो, राहण्याखाण्याचा भत्ता मिळतो. घरबसल्या ऑनलाइन कामाचाही त्यांचा मार्ग आहे. ब्रिटनमध्ये भेटीचा मुख्य हेतू वेगळा असेल, तर साध्या व्हिजिटर व्हिसावर तिथल्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवी काम चालतं. लहान मुलांशी संबंध येणार असेल तर पोलिस क्लिअरन्स, म्हणजे आपल्यावर गुन्हा नसल्याचा दाखला लागतो. पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर अर्ज करा, शुल्क ५०० रुपये. पासपोर्टवरचा पत्ता जुना असेल तर आधी तो बदलून घ्या.