रॉकेट परत यायला लागलं, मग पोराला काम कुठलं?

हर्णैहून एका बोटमालकांचं पत्र आलंय. मुलगा यंदा दहावी झाला, ८१ टक्के, गणितात मात्र ७०. मोबाइलवर परत येऊन उभं राहणारं रॉकेट पाहिल्यापासून त्याला दुसरं काही सुचत नाही. एका खासगी कॉलेजची एरोस्पेसची जाहिरात त्याने घरी आणली आणि फीचा आकडा ऐकून वडिलांची झोप उडाली. पण पत्राचा शेवट फीवर नाही. ते विचारतात, "रॉकेटं परत वापरणार, तर नवी बनवायची कशाला? मग पोराला काम कुठलं?"

दादा, माझ्याकडे येणारे इंजिनीअर बापही हे विचारत नाहीत.

रॉकेटमध्ये इंधन हा किरकोळ खर्च असतो. पैसा जातो तो इंजिनांत, टाक्यांत आणि ते घडवणाऱ्या हातांत. अमेरिकेच्या स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटच्या खालच्या टप्प्याला, म्हणजे खालच्या भागाला, नऊ इंजिनं असतात. पूर्वी असा टप्पा एका फेरीनंतर समुद्रात जायचा. डिसेंबर २०१५ मध्ये तो पहिल्यांदा जमिनीवर उभा उतरला, मार्च २०१७ मध्ये वापरलेला टप्पा पुन्हा उडाला, आणि आता एकेक टप्पा वीसहून जास्त फेऱ्या मारतो. अर्थात बोट चालवणारा तांडेल परतीचं डिझेल राखून ठेवतो तसं त्यालाही उतरण्यापुरतं इंधन राखावं लागतं, आणि तेवढा माल कमी न्यावा लागतो.

मग कारखाना बंद पडला का? नाही. वरचा टप्पा अजूनही दर वेळी नवा लागतो. २०२४ मध्ये फाल्कनची १३० हून जास्त उड्डाणं झाली, म्हणजे तितकेच वरचे टप्पे बनवावे लागले. फेऱ्या वाढल्या की काम वाढतं, फक्त त्याची जात बदलते. (आणि उड्डाणाचा खर्च घटला तरी गिऱ्हाइकाला सांगितलेला दर तितका उतरलेला नाही. तुम्हाला सुरमई कमी डिझेलमध्ये मिळाली म्हणून संध्याकाळच्या लिलावात तुम्ही ती स्वस्त सोडता का?)

बदललेलं काम कोणतं, ते अमेरिकेच्या स्पेस शटल या अंतराळयानावरून कळतं. शटल १९८१ ते २०११ पर्यंत १३५ वेळा उडालं. ते परत यायचं, तरी स्वस्त झालं नाही. दर फेरीनंतर उष्णतेपासून वाचवणाऱ्या हजारो फरशा तपासायच्या, इंजिनं उतरवून बघायची. बाजूचे बूस्टर, म्हणजे उडताना जोर देणारी रॉकेटं, पॅराशूटने समुद्रात पडायचे आणि जहाजांनी ओढून आणायचे. खाऱ्या पाण्यात भिजलेल्या लोखंडाचं पुढे काय होतं, ते मी हर्णैच्या माणसाला काय सांगणार? फाल्कनचा टप्पा भर समुद्रातही तराफ्यावर उतरवतात, पाण्यात पडू देत नाहीत. पैसा वाचतो तो दोन फेऱ्यांमधल्या डागडुजीत.

म्हणजे पुढच्या काळात मोल असेल ते भाग उघडून बघणाऱ्याला, कुठे चीर गेली आणि कुठे धातू थकला हे ओळखणाऱ्याला. एका वर्कशॉपमध्ये मी ही तपासणी पाहिली होती. वेल्डिंगवर लाल रंग लावला, थोडा वेळ थांबून पुसून काढला, जोड लखलखीत. मग वर पांढरी पावडर फवारली आणि दोन मिनिटांत त्या पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली. चिरेत शिरलेला रंग बाहेर आला होता. तुमच्या पत्रात एक ओळ आहे, की गेल्या पावसाळ्यात मुलाने इंजिन खोलून नोझलवरची काजळी स्वतः साफ केली. ती ओळ मी दोनदा वाचली. फाल्कन केरोसीनवर चालतं आणि काजळीने काळं होऊन परततं. स्पेसएक्सच्या नव्या स्टारशिपला मिथेन घेतलाय, त्याचं एक कारण हेच, की तो स्वच्छ जळतो. हे मुलाला सांगा, बघा त्याचा चेहरा.

आता निर्णय. एरोस्पेसच्या जाहिरातीवर कर्ज काढू नका. इस्रोची इंजिनीअरभरती मुख्यतः मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरवाल्यांची असते. डिप्लोमावाल्यांना टेक्निकल असिस्टंट म्हणून आणि आयटीआयवाल्यांना टेक्निशियन म्हणून घेतात. तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अंतराळ-शिक्षण संस्थेचा रस्ता जेईई ॲडव्हान्स्डमधून जातो. गणितात ७० असताना दोन वर्षं त्यामागे पळवण्यापेक्षा मी याला रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनात मेकॅनिकल डिप्लोमाला घालीन, आणि नंतर थेट दुसऱ्या वर्षाला डिग्रीत. या वाटेने आयआयएसटी जवळपास हातची जाते, हे त्याला आधीच स्पष्ट सांगा. गणितापासून मात्र सुटका नाही, डिप्लोमातही नाही.

स्पेसएक्सचं म्हणाल, तर अमेरिकेच्या कायद्यामुळे तिथे बहुतेक नोकऱ्या त्यांचे नागरिक आणि ग्रीन कार्डवाले यांनाच मिळतात. हे मी मुलापासून लपवून ठेवणार नाही. पण इस्रोने 'पुष्पक' हे पंखांचं यान २०२३ आणि २०२४ मध्ये चित्रदुर्गजवळ तीनदा धावपट्टीवर उतरवलंय. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने ८,२४० कोटींचं नव्या रॉकेटचं काम मंजूर केलं. त्याचा पहिला टप्पा पुन्हा वापरायचा आहे आणि मुदत आठ वर्षांची आहे. तुमच्या मुलाची डिग्री साधारण त्याच सुमाराला संपेल.

सध्या पावसाळी मासेमारीबंदी आहे, बोट शाकारलेली असेल. इंजिन खोलाल तेव्हा त्याला वही घेऊन बसवा. कोणता भाग किती झिजला, कुठे गंज, काय बदललं आणि का, हे त्याने लिहायचं, मिस्त्रीने नाही. अकरावी आणि डिप्लोमा, दोन्हींचे अर्ज भरून ठेवा. आणि १ ऑगस्टला बोट पाण्यात जायच्या आधी त्या वहीच्या पानांचे फोटो मला पाठवा.