जुन्या लँडक्रूझरला जादा डिझेलची टाकी बसवून घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की गाडी १९९४ ची, ८० सिरीज, ४.२ लिटरचं बिनटर्बो डिझेल इंजिन. मुक्काम पर्थला, पुढच्या हिवाळ्यात कॅनिंग स्टॉक रूट, म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली जुनी गुरं न्यायची वाट, करायची आहे आणि 'कधीतरी नलारबॉरही', म्हणजे दक्षिणेकडच्या सपाट माळावरचा लांबलचक हायवे. माझी गाडीही तीच, इंजिनही तेच. टाकीचं काम मात्र मला दोनदा करून घ्यावं लागलं. का, ते पुढे येईलच.

नलारबॉर आधी बाजूला काढा. त्या रस्त्यावर दोन पंपांमधलं अंतर २०० किलोमीटरच्या आतलं आहे आणि कंपनीची ९५ लिटरची टाकी हायवेला आरामात ६५० नेते. तेवढ्यासाठी खर्च करू नका.

कॅनिंगचं तसं नाही. दक्षिण टोकाचं विलुना गाव सोडलं की डिझेलचा भरवसा धरायचा तो थेट कुनावारितजी या वस्तीला, वाटेवरच्या ३३ नंबरच्या विहिरीजवळ. अंतर सुमारे १००० किलोमीटर. हायवेला १०० किलोमीटरला १३ लिटर पिणारी माझी गाडी वाळूच्या टेकड्यांत १८ ते २० वर जाते. म्हणजे २०० लिटर तर झालेच. शिवाय आडवाटेच्या विहिरी बघणं, एखादी टेकडी तीन वेळा मागे येऊन चढणं, यासाठी वर ४० धरा. कॅनमधून न्यायचं म्हटलं तर २० लिटरचे सात-आठ कॅन होतात. छतावर ठेवले तर गाडी डुलते, आत ठेवले तर वासानं डोकं उठतं. तेव्हा तुमच्या बेताला टाकी हवीच. साधारण १५० लिटरची पुरे, त्याहून मोठीच्या मोहात पडू नका.

मोह आवरायचं कारण वजन. डिझेल लिटरला साधारण ८४० ग्रॅम भरतं, म्हणजे १५० लिटरचे सव्वाशे किलो, टाकीचा पत्रा आणि पट्ट्या वेगळ्या. ८० सिरीजला ही टाकी बहुधा स्टेपनीच्या जागी बसते. मग स्टेपनी जाते मागच्या बंपरवरच्या झुलत्या हातावर. हे सगळं ओझं मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे येतं, त्यामुळे मागची बाजू बसते, पुढची हलकी होते आणि स्टिअरिंग पोकळ लागतं. मागच्या स्प्रिंग तीस वर्षांच्या असतील तर टाकीच्या खर्चातच नव्या धरा. गाडीच्या प्लेटवर जे जास्तीत जास्त वजन दिलंय त्यात माणसं, पाणी, फ्रीज, तंबू सगळं बसायला हवं. भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर घालाच. मी घातली तेव्हा बायकोच्या दोन बॅगा घरी राहिल्या. माझी हत्यारांची पेटी मात्र आली, आणि ते मला अजून ऐकवलं जातं.

आता दोनदा का. डिझेल पंपाला जाणारं सगळं डिझेल जळत नाही, उरलेलं परतीच्या नळीनं टाकीत येतं. ज्या गॅरेजनं पहिल्यांदा काम केलं त्यांनी डॅशबोर्डवर बटण दिलं आणि एका टाकीवरून दुसरीवर नेणारा व्हॉल्व्ह बसवला, पण तो फक्त जाणारी नळी बदलत होता. परतीची नळी कायमची जुन्या टाकीलाच. दोन्ही टाक्या गळ्यापर्यंत भरून निघालो आणि नवी टाकी आधी संपवू म्हणून बटण दाबलं. परतीचं डिझेल भरलेल्याच टाकीत पडत राहिलं आणि ब्रीदरमधून, म्हणजे टाकीच्या हवेच्या नळीतून, बाहेर. मागच्या चाकावर डिझेलचा ओघळ बघून मला वाटलं टाकीच फुटली. तेव्हा काम देताना पहिला प्रश्न हाच विचारा: परतीची नळीही बदलते ना? सहा तोंडांचा व्हॉल्व्ह असेल तर दोन्ही नळ्या एकदम बदलतात.

दुसऱ्यांदा मी व्हॉल्व्हचा नादच सोडला. आता इंजिन नेहमी जुन्याच टाकीतून पितं आणि छोटा विजेचा पंप नव्या टाकीतलं डिझेल जुनीत टाकतो. जुनी निम्म्यावर आली की पंप चालू करायचा. विसरलात तर इथेही ओतून जाणारच, म्हणून पंपाला लाल दिवा लावून घेतलाय. पंप बंद पडला तर मागचं सगळं डिझेल अडकतं, म्हणून एक जादा पंप जवळ असतो. मला हीच पद्धत बरी वाटते.

टाकी घेताना आत आडपत्रे आहेत का विचारा. नसतील तर अर्धी टाकी वळणावर हिंदकळून गाडी ओढते. सायलेन्सरची नळी टाकीला चिकटून जाता कामा नये. अ‍ॅक्सल पूर्ण वर आल्यावर टाकीला लागतो का, हे गाडी जॅकवर असतानाच बघून घ्या. डिझेलच्या काट्याचा सेन्सर तुमच्या मीटरशी जुळायला हवा. मी रिकाम्या टाकीत २०-२० लिटर ओतून दर वेळी काट्याखाली चिकटपट्टीवर रेघ मारली. दिसायला गावठी आहे, पण आजवर फसवलेलं नाही.

जुनी टाकीही त्याच वेळी उतरवून धुवा. माझ्या टाकीतून वाटीभर काळा गाळ निघाला. भरायच्या तोंडाचा रबरी पाइप चिरलेला असेल तर तोही बदला. पहिल्या हजार किलोमीटरनंतर फिल्टर नवा घाला, नव्या टाकीतही वेल्डिंगचा कचरा असतो.

विमा कंपनीला लेखी कळवा. सर्टिफिकेट लागतं का, तेही टाकी बसवण्याआधीच लायसन्सिंग खात्याला विचारून घ्या.

गाडी आधीच्या मालकाकडून दुसऱ्या टाकीसकट मिळाली असेल, तर व्हॉल्व्हला येणाऱ्या नळ्यांचा फोटो इथे टाका. परतीची नळी बदलते की नाही ते मी बघून सांगतो.