पिकअपला एटी टायर टाकायचे म्हणताय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या वेळी टायरवर दोन ओळी लिहिल्या आणि प्रश्नांचा पाऊस पडला. सगळे घेता येणार नाहीत, जे वारंवार येतायत ते घेतो. नवख्यांसाठी आधी एक: एटी म्हणजे ऑल-टेरेन, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा जाड नक्षीचा टायर.

प्रश्न: दादा, माझी इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप आहे, टायरची साईज २५५/६० आर१८. रोज हिंजवडी ते कोथरूड, महिन्यातून एकदा ताम्हिणी नाहीतर भोरकडे. कंपनीचे टायर संपत आलेत. एटी टाकू का?

खरं सांगू का, तुम्हाला एटी "पाहिजे" नाहीये, तुम्हाला ते आवडलंय. त्यात काही वाईट नाही, मीपण तसाच घेतला होता. पण पावसाळ्यात ताम्हिणीतला ओला डांबरी घाट हा एटीचा प्रांत नाही, हे आधी समजून घ्या. एटीचे ब्लॉक मोठे, मधे फटी मोठ्या, म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर कमी, आणि रबराचं कंपाऊंडपण दगडावर टिकावं म्हणून जरा कडक. ओल्या उतारावर ब्रेक मारला की साध्या एचटी (हायवे-टेरेन, डांबरासाठीच्या) टायरपेक्षा गाडी थोडी पुढे जाऊनच थांबते. दुकानात गेलात की ब्लॉकवर नख फिरवून बघा, ब्लेडने कापल्यासारख्या बारीक चिरा दिसतात का, त्यांना साईप म्हणतात. त्या भरपूर असतील आणि खोल असतील तर ओल्यात टायर बरा चालतो. तुमच्या वापराला असला सौम्य एटी घ्या, योकोहामाच्या जिओलँडर जी०१५ च्या जातीतला. डोळ्यात भरणारा, दात विचकणारा टायर हिंजवडीच्या सिग्नलला छान दिसतो, बाकी तिथे त्याला काही काम नाही.

प्रश्न: लासलगावला कांदा नेतो, बोलेरो पिकअप सतराशे किलोवाली. शेजाऱ्याच्या बोलेरोला एटी टायर आहेत, चिखलात मस्त चालतात. रिमला बसतील असं टायरवाला म्हणतो. टाकू का?

नका टाकू. रिमला बसणं वेगळं आणि ओझं उचलणं वेगळं. शेजाऱ्याची बोलेरो माणसं नेणारी, तिचा २१५/७५ आर१५ टायर बघा, साईजच्या पुढे बहुतेक १०० असा आकडा असेल. तो लोड इंडेक्स, १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो. आता तुमचा हिशोब करा, रिकामी गाडीच दीड-पावणेदोन टन, वर सतराशे किलो कांदा (सतराशेच भरता असं आपण धरून चालू), आणि गोण्या सगळ्या मागे, म्हणजे मागच्या दोन चाकांवर दोन टनांच्या वर जातं. एका टायरला हजार किलोच्या पुढे. आठशेवाला टायर पहिल्या दिवशी फुटणार नाही, तो आतून तापत राहील, बाजूच्या भिंतीतल्या दोऱ्या सैल होत जातील आणि मे महिन्यात भर दुपारी चांदवडच्या आसपास कधीतरी आवाज येईल.

पिकअपला एलटी (लाइट ट्रक) किंवा सी-मार्कचाच, म्हणजे ओझ्याच्या गाड्यांसाठीचा टायर, कंपनीनं दिलाय तेवढा किंवा त्याच्या वरचा लोड इंडेक्स बघून. मागच्या दोन चाकांना त्यातलाच लगवाला, म्हणजे खोल नक्षीचा घ्या, पुढे साधा चालेल. पासिंगला गेल्यावर त्रासही होणार नाही.

आणि चिखलाचं म्हणाल तर काळ्या मातीत एटीचंही काही चालत नाही. ती चिकण माती दोन फेऱ्यांत फटींमधे गच्च बसते आणि टायर गुळगुळीत लाडू होतो, मग नक्षी कुठलीपण असो. एमटी (मड-टेरेन, चिखलाचा) टायर निदान ती माती फेकून देतो, कारण त्याच्या फटी रुंद असतात, पण तो लासलगावच्या डांबरावर महिन्याला किती झिजेल याचा विचार करा. त्यापेक्षा वाफसा येईपर्यंत गाडी शेतात घालू नका, गोण्या बांधापर्यंत ट्रॅक्टरनं आणा. हे तुम्हाला मी सांगायचं म्हणजे जरा अतीच झालं, पण विचारलंत म्हणून.

प्रश्न: टोयोटा हायलक्स पिकअपला २६५/६५ आर१७ आहेत. २६५/७० आर१७ टाकले तर काय फरक पडेल? दुकानदार म्हणतो काहीच नाही.

फरक पडतो, आकडेमोड सोपीच आहे. ६५ म्हणजे रुंदीच्या ६५ टक्के उंचीची भिंत, २६५ चे १७२ मिमी. दोन्ही बाजूंची भिंत आणि १७ इंची रिम मिळून टायरची उंची साधारण ७७६ मिमी. ७० घेतलात की ८०३. म्हणजे टायर साडेतीन टक्क्यांच्या आसपास मोठा, गाडी वर उचलली जाणार फक्त १३ मिमी, कारण उंचीतली निम्मीच वाढ एक्सलच्या खाली येते. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी आधीपेक्षा तीनेक किलोमीटर जास्त पळत असेल, समृद्धीवर १२० च्या लिमिटला हे लक्षात ठेवा. मजा अशी की ओडोमीटरपण कमी मोजतो, म्हणून मोठे टायर टाकून "मायलेज पडलं" असं ओरडणाऱ्यांनी आधी किलोमीटरमधे तेवढे टक्के मिळवून मग हिशोब करावा. थोडं पडतंच, टायर जड असतो, पण ओरडतात तितकं नाही.

स्टिअरिंग पूर्ण वळवून आतलं प्लास्टिक घासतंय का ते दोन्ही बाजूंना बघा, गाडीत चार माणसं बसवून बघा. आणि इन्शुरन्सवाल्याला लेखी कळवा, मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल कडक आहे, क्लेमच्या वेळी वाद नको.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. तुम्ही एलटी टायर घेतलात, समजा लोड इंडेक्स १२० चा, तर आकडा बघून खूष होऊ नका. १२० म्हणजे १४०० किलो, पण ते खूप जास्त हवेवर, दहा प्लायच्या (जास्त ताकदीच्या भिंतीच्या) टायरला ८० पीएसआयच्या आसपास. जुन्या टायरला जी हवा भरत होता तीच एलटीला भरली तर तो जुन्यापेक्षा कमी ओझं पेलेल. टायर कंपनीचं लोडचं कोष्टक मिळतं, त्यात बघून हवा ठरवा.

प्रश्न: एटी टाकून १२ हजार किलोमीटर झाले, आता गुंss असा आवाज येतो. बेअरिंग गेलं का?

गाडी उभी करा आणि तळहात टायरच्या नक्षीवरून फिरवा, आधी पुढून मागे, मग मागून पुढे. एका दिशेनं हात सरकतो आणि उलट दिशेनं प्रत्येक ब्लॉकची कड बोटांना करवतीसारखी लागते, असं असेल तर बेअरिंग ठीक आहे, ब्लॉक एका कडेनं झिजलेत. रोटेशन, म्हणजे टायरच्या जागांची अदलाबदल, केलं नाहीत ना? एटीला दर आठ हजाराला हवंच. मागचे टायर त्याच बाजूला सरळ पुढे, पुढचे मागे जाताना बाजू बदलून. आवाज लगेच जाणार नाही, दोन-तीन हजारात कमी होईल, पूर्ण जाईल असं मी म्हणत नाही. काँक्रीटवर तसाही जास्तच ऐकू येतो.

स्टेपनीपण रोटेशनमधे घ्या, पाच टायरचं. आपल्याकडच्या पिकअपमधला फोर बाय फोर पार्टटाइम असतो, म्हणजे गरजेपुरता टाकायचा, चार चाकांचा घेर वेगवेगळा असेल तर फोर-एच मधे (चारही चाकं ओढतात तेव्हा) गिअरबॉक्सला ताण येतो. झिजलेल्या तीन टायरबरोबर कोरी करकरीत स्टेपनी लावून फोर-एच टाकणाऱ्याला माझा नमस्कार. कोरड्या डांबरावर तर तो टाकूच नये.

प्रश्न: कोकणात वाळूत चालवायला हवा किती ठेवायची?

आधी हे की बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी नेणं बंद आहे, गोव्यात तर गुन्हाच दाखल होतो. २०२४ संपता संपता रेवदंड्याला वाळूत फसलेली फेरारी बैलगाडीनं ओढून काढली, तो व्हिडिओ तुम्हीपण बघितला असेल. बैलांना कुठले एटी.

परवानगी असलेल्या जागी १८ पीएसआयपासून सुरू करा. हवा कमी केली की टायर लांबट टेकतो आणि वाळूवर तरंगतो, नक्षीपेक्षा हवेचाच उपयोग जास्त. पण झटक्यात स्टिअरिंग वळवू नका, टायर रिमवरून निसटतो. कंप्रेसर गाडीत असेल तरच हवा काढा. मी एकदा १८ वरच परत निघालो, म्हटलं पुढच्या गावात भरू, गावातला पंप बंद, आणि जांभ्याच्या रस्त्यावर चिऱ्याची धार मऊ झालेल्या भिंतीत घुसली. बोटभर चीर. भिंतीला पंक्चर निघत नाही, नवाकोरा टायर अडगळीत गेला, अजून घरी आहे, त्यात बायकोनं अळू लावलंय.

प्रश्न: मी अमेरिकेत डेन्व्हरला असतो, फोर्डची एफ-१५० पिकअप आहे. एटीवर एम+एस लिहिलंय, बर्फाला पुरेल ना?

एम+एस (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) हे नक्षीच्या आकारावरून मिळतं, त्यामागे बर्फावरची चाचणी नसते. भिंतीवर डोंगरात हिमकणाचं चिन्ह आहे का बघा, ते दाबलेल्या बर्फावर पकड तपासून देतात. पण तीही फक्त गाडी पुढे खेचण्याची पकड, ब्रेकची नाही, आणि काळ्या बर्फाचं, म्हणजे डांबरावरच्या न दिसणाऱ्या पातळ थराचं, तर नावच नको. कोलोरॅडोच्या नियमात नक्षी ३/१६ इंच हवी, म्हणजे पावणेपाच मिमीच्या वर. आपल्याकडे कारला १.६ चालते, त्या सवयीनं राहू नका. जानेवारीत आय-७० हायवेनं वर डोंगरात स्कीइंगला वगैरे जात असाल तर विंटर टायरचा वेगळा सेट घ्या, एटी तेवढे महिने गॅरेजमधे ठेवा.