आजोबांच्या पानातली रिकामी जागा

प्रिय चिऊ,

काल फोनवर तू विचारलंस आणि नेमका त्याच वेळी शिरोड्यात पाऊस इतका जोरात आला, की माझं बोलणं तुझ्यापर्यंत पोचेना. म्हणून इथून, स्टॉकहोमहून, लिहितो. तुझा प्रश्न होता: “बाबा, आजी पान वाढताना सगळ्यात आधी मीठ वाढते. मग आजोबांच्याच पानात ती जागा रिकामी का ठेवते?”

आधी पहिला भाग. स्टीलचं ताट असलं तरी आपण ‘पान वाढलं’ असंच म्हणतो, आणि त्या पानात प्रत्येक पदार्थाची जागा ठरलेली असते. वर मधोमध चिमूटभर मीठ. डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाज्या, आमटी. खाली भाताची मूद. सुरुवात मिठाने. याचं कारण मला माझ्या आजीने सांगितलं होतं. नैवेद्याचा स्वयंपाक चाखून बघायचा नसतो. न चाखता केलेलं एखादं कालवण अळणी होणारच, आणि जेवणाऱ्याने भरल्या पंक्तीत “मीठ कमी आहे” असं ओरडणं बरं दिसत नाही. ते आधीच पानात असलं की ज्याचं त्याने मुकाट लावून घ्यावं. मला हे कारण फार आवडतं. रांधणारीचा मान राखून केलेली सोय आहे ती.

आणि आजोबा तर मिठागरांच्या गावचे. १९३० च्या मे महिन्यात ज्या शिरोड्यात मिठाचा सत्याग्रह झाला, ते हेच शिरोडं. आता पावसात मिठागरं पाण्याखाली असतील, त्यामुळे तुला नुसती तळी दिसतील. उन्हाळ्यात तिथे मिठाचे पांढरे ढीग लागतात. अशा माणसाच्या पानात मीठ नाही हे तुला विचित्र वाटलं ते बरोबरच आहे. त्यांना सकाळची उकड्या तांदळाची पेज मिठाशिवाय घशाखाली उतरत नाही, हे मी लहानपणापासून पाहतोय.

आजोबांना बीपी आहे आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, एवढं तुला आजीने सांगितलंच असेल. पण मीठ आणि रक्ताचा दाब यांचा संबंध नेमका कुठे येतो, ते मला तुला नीट सांगायचंय, कारण ती गोष्ट मला स्वतःला थक्क करते.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना आपली दोन मूत्रपिंडं असतात. प्रत्येकात साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी केसासारख्या रक्तवाहिन्यांचा एक गुंडा असतो. तिथे रक्तातलं पाणी, मीठ आणि बाकीचं बारीकसारीक गाळून एका लांब नळीत जातं. दिवसभरात असं सुमारे १८० लिटर पाणी गाळलं जातं आणि त्याबरोबर किलोभराहून जास्त मीठ! लघवी होते फक्त दीडेक लिटर. म्हणजे उरलेलं जवळजवळ सगळं पाणी आणि मीठ त्या नळीच्या भिंतीतल्या पेशी परत रक्तात ओढून घेतात. किती ओढायचं आणि किती सोडायचं, यावर शरीरात पाणी किती राहतं ते ठरतं, आणि वाहिन्यांमधला दाबही बराचसा त्यावरच ठरतो.

आता हा हिशेब कोण ठेवतं? ती नळी गुंड्यापासून निघते, खूप खाली जाते, वळसा घेते, वर येते आणि परत आपल्याच गुंड्याला येऊन चिकटते. दुसऱ्या कुठल्या नाही, आपल्याच. हे १८८९ मध्ये कामिल्लो गोल्जी या इटालियन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं. जिथे ती चिकटते, तिथे भिंतीत वीसेक पेशी दाटीवाटीने उभ्या असतात. त्या ठिकाणाला ‘मॅक्युला डेन्सा’ म्हणतात, म्हणजे लॅटिनमध्ये दाट ठिपका. या पेशी समोरून वाहणाऱ्या पाण्याची चव घेतात. जिभेने नाही. त्यांच्या अंगावर सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड एकत्र आत ओढणारं एक प्रथिन असतं. पाण्यात मीठ जास्त असलं की ते जास्त आत येतं आणि पेशीला त्यावरूनच कळतं.

पण नुसतं कळून काय उपयोग? तिला ते शेजारणीला सांगावं लागतं, आणि इथे मेंदूला विचारायलाही वेळ नसतो. मीठ जास्त आलं की ठिपक्यातल्या पेशी एटीपी नावाचा रेणू बाहेर सोडतात. त्यापासून ॲडिनोसिन बनतं. ठिपका आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये मेसँजियल पेशी असतात, त्यांना ते मिळतं. या पेशी एकमेकींना भिंतीतल्या अगदी बारीक वाटांनी जोडलेल्या असतात. जुन्या चाळीत मधल्या भिंतीच्या खिडकीतून वाटी पलीकडे जायची, तसा निरोप या वाटांनी एका पेशीतून दुसरीत जातो. एकीत कॅल्शियम वाढलं की पुढचीत वाढतं, तिच्यापुढचीत वाढतं आणि शेवटी गुंड्यात रक्त आणणारी वाहिनी थोडी आवळते. गाळण कमी होतं. सगळं काही सेकंदांत होतं, आणि प्रत्येक मूत्रपिंडात दहा लाख ठिकाणी आपापलं वेगळं होतं.

त्याच वाहिनीच्या भिंतीत आणखी काही पेशी असतात. त्यांच्या पोटात रेनिन नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, साठवलेलं असतं. ठिपक्याकडे मीठ कमी आलं की तिथून प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनाचा निरोप निघतो आणि या पेशी रेनिन रक्तात सोडतात. रेनिन यकृतातून आलेल्या एका मोठ्या प्रथिनाचा तुकडा तोडतं. तो तुकडा रक्तातून जाताना, विशेषतः फुप्फुसांत, आणखी छाटला जातो आणि त्याचं अँजिओटेन्सिन टू बनतं. ते अंगभरच्या वाहिन्या आवळतं, तहान लावतं आणि मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथीला सांगतं, “अल्डोस्टेरॉन सोड.” अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक परत मूत्रपिंडात येऊन नळीच्या शेवटच्या टप्प्याला सांगतं, “मीठ सोडू नकोस.” मीठ राहतं, त्याच्यामागे पाणी राहतं, दाब वाढतो.

यात मला सगळ्यात सुंदर वाटते ती गोष्ट अशी. बहुतेक स्रवणाऱ्या पेशींमध्ये कॅल्शियम वाढलं की पेशी आपला माल बाहेर टाकते. रेनिनच्या पेशी उलट्या आहेत. त्यांच्यात कॅल्शियम वाढलं की त्या गप्प होतात. म्हणजे जास्त मिठाचा जो एक निरोप वाहिनीला आवळायला सांगतो, तोच रेनिनला थांबवतो. आणि त्या बारीक वाटा बनवणारं एक प्रथिन, कोनेक्सिन ४०, ज्या उंदरांमध्ये नसतं, त्यांच्या रेनिन-पेशींना दाब वाढल्याचं कळतच नाही. त्या सोडतच राहतात आणि उंदरांचा रक्तदाब वाढतो. बोलणं बंद पडलं की काय होतं, ते असं दिसतं.

रेनिनचा शोध आपल्या इथला आहे, स्टॉकहोममधला. कारोलिन्स्का संस्थेत रॉबर्ट टिगरस्टेड आणि त्यांचा विद्यार्थी पेर बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशांना टोचला आणि त्यांचा रक्तदाब वाढला. १८९८ मध्ये हे प्रसिद्ध करताना त्यांनीच ते नाव दिलं. मग जवळजवळ पस्तीस वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९३४ मध्ये अमेरिकेत हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाची रोहिणी चिमट्याने अरुंद करून दाब वाढतो हे दाखवलं, तेव्हा लोक पुन्हा रेनिनकडे वळले. तू परत आलीस की सोल्नाला जाताना तुला कारोलिन्स्काच्या इमारती दाखवीन.

आता आजोबा. ते रात्री जी पांढरी गोळी घेतात, तिच्यात टेल्मिसार्टन आहे. अँजिओटेन्सिनचा निरोप जिथे पोचायचा, त्या दारात ती गोळी आधीच जाऊन बसते. आणि इथेच तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. मीठ कमी खाल्लं की दाब थोडा उतरतो, पण मूत्रपिंडाला वाटतं की मीठ संपत चाललंय, आणि ते रेनिन सोडून दाब परत वर ओढू पाहतं. मग पान अळणी ठेवल्याचा फायदा अर्धवटच. गोळी ही परतीची वाट अडवते. उलट बाजूने, मीठ भरपूर खाल्लं तर रेनिन आधीच गप्प असतं आणि गोळीला अडवायला फारसं काही उरत नाही, म्हणून ती फिकी पडते. गोळी आणि ती रिकामी जागा मिळून काम करतात. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि मिठाची जागा आजीने रिकामी केली. तिने हे कुठे वाचलेलं नाही, पण ती करते ते अगदी बरोबर आहे.

फक्त पानातलं चिमूटभर मीठ काढून भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ पोटात जावं, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून थोडं कमीच, सगळं धरून. पावसाळ्यात घरात काय असतं बघ: सुका बांगडा, सुकट, कैरीचं लोणचं, सांडगी मिरची, पापड. पापडात तर मिठाखेरीज पापडखारही असतो, आणि तोही सोडियमच. आजोबा पानातलं मीठ सोडतात आणि पेजेबरोबर लोणच्याच्या दोन फोडी घेतात. त्यांना ओरडू नकोस. बांगडा भाजायच्या आधी बराच वेळ पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यायला आजीला सांग, आणि लोणच्याऐवजी पेजेत कोकम नाहीतर लिंबू. आंबट चवीने मिठाची उणीव बरीच झाकली जाते.

उपासाचं सैंधव चालेल का, असं आजीने मला गेल्या वर्षी विचारलं होतं. नाही चालत. सैंधव म्हणजेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. ठिपक्यातल्या त्या पेशींना ते समुद्राचं की खाणीतलं, यातला फरक कळत नाही.

आणि बाळा, इथून तू आजोबांसाठी काळ्या लाक्रित्सचं पाकीट नेलं आहेस ना, ते त्यांना देऊ नकोस. तू प्रेमाने नेलंस, चूक माझी, मी बघायला हवं होतं. लाक्रित्स म्हणजे आपलं ज्येष्ठमध. अल्डोस्टेरॉनच्या दाराशी मूत्रपिंडाच्या पेशीत एक विकर राखण करतं, म्हणजे कॉर्टिसोल नावाचं दुसरं संप्रेरक चुकून त्या दारात शिरू नये. ज्येष्ठमधातला गोड अंश त्या राखणदारालाच निकामी करतो. कॉर्टिसोल आत शिरतं, पेशीला वाटतं अल्डोस्टेरॉनच आलं आणि ती मीठ धरून ठेवते. आजी खोकल्याला ज्येष्ठमधाची काडी चघळायला देते, तीही आजोबांना नको.

अजून एक गोष्ट, ही आजच कर. तू म्हणालीस की शेजारच्या काकूंनी बीपीवाल्यांसाठी वेगळं मीठ आणून दिलंय. अशा मिठात बरेचदा सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. आजोबांची गोळी शरीरात पोटॅशियम थोडं वाढवते, आणि त्यावर हे मीठ पडलं तर ते इतकं वाढू शकतं की हृदयाचे ठोके बिघडतात. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं नीट दिसतील असा फोटो काढून मला पाठव. डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत ते पाकीट वरच्या फडताळात ठेवायला आजीला सांग, आणि काकूंना वाईट वाटणार नाही असं बघ.

तुझा,
बाबा